फडक्याखालची घरघंटी

माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. सोमवारी सकाळी बटण दाबल्याबरोबर मी ओरडले होते. चांगली खडखडून ओरडले होते, की आधी माझ्या पोटात बघा, मग दळण टाका. तर तेजस्विनी म्हणाली, "हिचा पट्टा सैल झालाय वाटतं." झालं! बाईनं आवाज चढवला की तिच्यातच बिघाड शोधतात. मशीन असली तरी तेच.

मी घरघंटी बोलतेय. चौथीपर्यंत शिकलेय, त्यामुळं जड शब्द मला येत नाहीत, आणि गोड बोलायची सवय नाही. माझं काम रगडायचं आहे.

जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. अंगाला पांढरा सनमायका, डोक्यावर दाणे टाकायचं तोंड, पोटात पोलादी पाती, पायाशी पिठाचा डबा. अकरा वर्षांपूर्वी बचत गटाच्या मदतीनं तेजस्विनीनं मला डोंबिवलीत आणलं. एकच खोली. त्यात तेजस्विनी, तिचा नवरा शेखर, सासू फुलाबाई, लेक सायली आणि मी. मी चालू झाले की फोनवर बोलणारा जिन्यात जायचा. सायली माझ्या झाकणावर वही ठेवून अभ्यास करायची. मोठ्यानं वाचायची पोर. तिच्याबरोबर माझ्या चार यत्ता झाल्या.

तेजस्विनी थालीपिठाची भाजणी, नाचणीचं सत्त्व, उपवासाचं पीठ दळून द्यायची. माझ्यावर तिचा जीव होता. रोज संध्याकाळी ब्रश घेऊन पोटात हात घालायची आणि बोलायची, "दमलीस ना? मी पण."

तिकडं दर अकरा महिन्यांनी घरमालक दारात उभा. भाडं वाढवा, नाहीतर खोली सोडा. मग जेवताना तोच विषय निघायचा, नाशिकला जायचं का.

"तिथं याच भाड्यात दोन खोल्या मिळतात, वर गॅलरी," तेजस्विनी म्हणायची.

"आणि माझ्या कामाचं काय?"

"अंबडची कंपनी बोलावतेय ना तुम्हाला?"

"बोलावतेय गं. पण इथं अठरा वर्षं झाली मला."

"अठरा वर्षं झाली आणि अजून आंघोळीला नंबर लावताय. लय मोठी इस्टेट सोडून चाललाय!"

शेखर हसायचा आणि भात कालवायचा. माणूस वाईट नाही. पण त्याला 'नाही' म्हणता येत नाही. नको असेल तेव्हा तो 'बघू' म्हणतो. अकरा वर्षांत मी हजार वेळा 'बघू' ऐकलं असेल.

सगळ्यात जास्त घाई फुलाबाईला. तिचं माहेर निफाडचं. "नाशकात गेले तर भाऊ डोळ्यांनी दिसंल तरी," म्हणायची. "हितं काय हाय माझं? खिडकी उघडली की समोरच्याची मोरी."

शेवटी यंदाच्या सुट्टीत ठरलं. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं भाड्यानं, आणि टेम्पोत पहिली मी चढले. माझ्यामागून दोन गाद्या, गॅस आणि चार भांडी. बाकी सामान आणलं नाही, कारण अधिक महिना लागत होता. अधिकात नवं घर मांडत नाहीत. मग असं ठरलं की शेखर डोंबिवलीत राहील आणि तिघी इथं राहून बघतील. अधिक सरेपर्यंत दळण जमलं तर सामान आणायचं, सायलीचं नाव इथल्या शाळेत घालायचं. नाही जमलं तर परत फिरायचं. म्हणजे सगळं माझ्यावर. मी चालले तर घर चालणार होतं.

रिकाम्या खोलीत माझा आवाज असा घुमायचा की माझी मलाच भीती वाटायची. पहिली आली ती खालच्या मजल्यावरची ताहेरा, शिवणकाम करणारी. गव्हाचा डबा ठेवून म्हणाली, "भाभी, तुमची मशीन चालू झाली की माझी सुई डगमगते. त्यापेक्षा म्हटलं, माझंच दळण टाकावं, म्हणजे तक्रार तरी करता येणार नाही!"

तेजस्विनी किती दिवसांनी हसली तेव्हा.

मग कुसाबाई आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या. साठी उलटलेली बाई, पण इमारतीत शब्द त्यांचा. अधिक महिनाभर एकभुक्त होत्या, दिवसातून एकदाच जेवायचं. माझ्याकडं वाकून बघत म्हणाल्या, "पोरी, एकादशीचं पीठ तुझ्याकडं टाकीन. पण हिच्या पोटात धान्याचा कण राहायला नको. माझं व्रत आहे."

"मावशी, उपवासाच्या दळणाला माझा वेगळा वार असतो. आधीच सगळं पुसून फडकं घालते. फडकं घातलं की घरातलं कुणी हात लावत नाही."

हा तिचा नियम. अकरा वर्षं कधी मोडला नाही. राजगिरा, भगर, साबुदाणा यांच्या आधी मी कोरडी, स्वच्छ आणि धुतलेल्या फडक्याखाली. मला आवडायचं ते. आंघोळ करून बसल्यासारखं वाटायचं.

कुसाबाईंनी टाकलं म्हटल्यावर आणखी सातजणींनी डबे आणले. तेजस्विनीनं त्या आनंदात शेखरला फोन केला, "कंपनीला हो म्हणून कळवा. जमतंय इथं." तिकडून शेखर म्हणाला, "बघू, रविवारी येतोच आहे."

शनिवारी संध्याकाळी तिनं मला पुसलं. जाळी काढली, झटकली. पोटात ब्रश फिरवला, मग कोरडं फडकं फिरवलं, मग बोट फिरवून बोट उजेडात धरून बघितलं. मी साक्षीला आहे. कण नव्हता. वरून फडकं घातलं.

रविवारी दुपारी शेखर आला. तेजस्विनी सायलीला घेऊन शाळा बघायला गेली होती. घरात फुलाबाई एकटी.

"आई, गरम भाकरी टाक ना. तिकडं हॉटेलचं खाऊन जीव कंटाळला."

"पीठ संपलंय रे. बाजरी हाय, पण दळायची कुठं? फडकं घातलंय. उद्या उपवासाचं दळण हाय."

"दोन मुठी तर आहे. मी नंतर पुसून ठेवतो."

फुलाबाईनं फडक्याकडं बघितलं. लेकाचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाली, "टाक."

फडकं निघालं, बाजरी पडली, मी फिरले. मी काय करणार? बटण दाबलं की फिरायचं, हाच माझा धर्म. फुलाबाईनं दोन भाकऱ्या थापल्या, ठेचा केला. माय-लेक जेवले. शेखर किती दिवसांनी पोटभर जेवला ते मलाही दिसत होतं. मग त्यानं उठून माझं झाकण पुसलं, बाजू पुसली, पिठाचा डबा धुतला आणि फडकं घालून टाकलं.

"झालं का रे?"

"झालं."

पोटात हात घातलाच नाही! पुरुष घर पुसतात ते असं. दिसेल तेवढं पुसायचं. आणि हे फुलाबाईनं बघितलं. पाटावर बसून, पदरानं हात पुसत बघितलं.

सोमवारी सकाळी तेजस्विनीनं देवाला नमस्कार करावा तसा मला हात लावून फडकं उचललं. जसं घातलं होतं तसंच दिसत होतं. पहिलं दळण कुसाबाईंचं. बटण दाबलं तशी मी ओरडले. त्याच वेळी कोपऱ्यात भगर निवडत बसलेल्या फुलाबाईचे हात थांबले. तेजस्विनीनं पट्टा बघितला, स्क्रू आवळला आणि राजगिरा ओतला.

पोटातली सगळी बाजरी त्या एका डब्यात उतरली. नंतरच्या सातजणींचं पीठ स्वच्छ होतं. पण ते आता कोण ऐकणार?

गुरुवारी एकादशी होती. अकराच्या सुमारास कुसाबाई जिना उतरून आल्या. हातात ताटली, ताटलीत अर्धं थालीपीठ. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी, हे खाऊन बघ. राजगिरा आहे का हा?"

तेजस्विनीनं तुकडा तोंडात घातला आणि तिला बाजरीची चव लागली.

"पंचवीस दिवस केलं मी," कुसाबाई म्हणाल्या. "माझ्या धाकट्याच्या नावानं केलं होतं. तो दवाखान्यात आहे ना." एवढं बोलून ताटली तिथंच ठेवून वर निघून गेल्या.

दुपारपर्यंत दारात सात डबे येऊन बसले, न उघडलेले. कुणी बेल वाजवली नाही. डबा ठेवल्याचा आवाज यायचा तेवढाच.

"आई, मी शनिवारी पुसली होती," तेजस्विनी म्हणाली. "बोट फिरवून बघितलं होतं. तुम्ही होतात ना?"

फुलाबाई गॅसकडं तोंड करून उभी होती. "मी काय तुझ्या मागं मागं फिरते? राहिलं असंल."

"नाही राहिलं! मला आठवतंय."

"मग आली कुठून बाजरी? आभाळातून?"

तेजस्विनीनं शेखरला फोन लावला. त्याला विचारलं नाही तिनं काही. तिच्या मनातच आलं नाही ते. ती नुसती रडत सांगत होती. आणि शेखरला कळलं. मग तो म्हणाला, "जाऊ दे तेजू. तिथले लोकच कडक. आपलं डोंबिवलीच बरं. कंपनीला मी नाही म्हणून कळवतो." त्या वाक्यात त्याला 'बघू' म्हणावं लागलं नाही.

ती सहजासहजी हलली नाही. शनिवारपर्यंत दार उघडं टाकून बसली, कुणी दळण घेऊन येईल म्हणून. ताहेरा तेवढी आली. म्हणाली, "भाभी, माझं काही बाटत नाही, माझे गहू टाका." पण एका डब्यावर घर उभं राहत नाही. सोमवारी शाळा उघडायची होती, सायलीची डोंबिवलीची शाळा.

निघताना शेखर मला उचलायला आला, तर तेजस्विनी म्हणाली, "ती नको. तिच्या पोटातच कुठंतरी अडकलं होतं. मला बघवत नाही ती." अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी न बोलता गेली.

फुलाबाई मागं राहिली. म्हणाली, करार अकरा महिन्यांचा आहे, मी राहते तोवर, भाऊ आहे जवळ. भाऊ एकदाच आला. चहा पिऊन गेला.

आता आम्ही दोघीच. दोन रिकाम्या खोल्या, वर गॅलरी. ती मला चालू करत नाही. तयार पिठाचं पाकीट आणते. दुपारी माझ्या अंगाला पाठ टेकून बसते, कारण सनमायका गार लागतो. माझ्या झाकणावर वही नाही, चार महिने कुणाचा आवाज नाही. पाती गंजताहेत. मला सवय आहे कामाची, अशी बसून राहायची नाही.

काल तेजस्विनीचा फोन आला. फुलाबाईनं स्पीकर लावला होता, तिला कमी ऐकू येतं. इकडचं तिकडचं झालं. घरमालकानं परत सांगितलंय, भाडं वाढवा. मग तेजस्विनी हळूच म्हणाली, "आई, मला आता वाटतं, मी बोट फिरवलंच नसेल. उगाच तुमच्यावर ओरडले मी."

फुलाबाईचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता येतंय. ती म्हणाली, "झालं गेलं सोड गं. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पोराचं नाव कसं घेऊ? बायकोच्या नजरेतून उतरंल तो."

पोराचं! बाई, मला काय येडी समजतेस? एकादशीच्या सकाळी तेजस्विनीनं सोमवारी दळलेल्या घरच्या पिठाचं पहिलं थालीपीठ तुझ्या ताटात वाढलं होतं. तू म्हणालीस, मला भूक नाही, आणि केळं खाल्लंस. कुसाबाई तेव्हा वर तवा तापवत होत्या. एक मजला चढून गेली असतीस तर त्यांचं व्रत राहिलं असतं, आणि तुला हवं होतं ते नाशिकही राहिलं असतं.

डोंबिवलीला कुणी जाणार असाल तर माझं एवढं काम करा. तेजस्विनीला गाठा आणि सांगा, तू पुसलं होतंस, बोट उजेडात धरलं होतंस, घरघंटीनं बघितलंय. ती विचारेल, मग कुणी केलं? शेखरनं बटण दाबलं, तेही सांगा. तो भुकेला होता आणि नंतर भित्रा निघाला. पण सगळं ठाऊक असून जिनं 'टाक' म्हटलं, केळं खाल्लं आणि आजही सुनेला खोटं पडू दिलं, तिचं नाव सांगितल्याशिवाय परत येऊ नका. फुलाबाई.