शेवटच्या अडतीस पानांवाचून

मी एक झेरॉक्स बोलतेय. पुस्तक नव्हे, पुस्तकाची झेरॉक्स. एवढं ऐकूनच बरेच जण तोंड फिरवतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. पाठीला काळी प्लास्टिकची स्पायरल आहे, तिचे खालचे चार वेढे सुटलेत. वरचं पारदर्शक कव्हर पिवळं पडलंय. अंगावर तीन रंगांच्या पेनांच्या रेघा आहेत, चहाचे डाग आहेत, एसटीच्या खिडकीतून आलेली धूळ आहे. दमलेय खरं तर. पण विचारताय, तर सांगते.

माझं मूळ पुस्तक आफ्रिकेतल्या घाना देशातलं. तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी, आबेनाबाईंनी, वीस वर्षं हिंडून लिहिलेलं. आफ्रिकेतली छोटी वर्तमानपत्रं, गावागावांतले रेडिओ, बाजारात म्हटली जाणारी गाणी, भिंतीवर आणि फळ्यावर बातम्या लिहिणारी माणसं, असा सगळा ऐवज त्यात आहे. त्या पुस्तकाची आणि माझी गाठ एकदाच पडली. ते मशीनच्या काचेवर पालथं होतं आणि मी खालच्या ट्रेमध्ये पडत होते. आईची आणि माझी ओळख म्हणाल तर इतकीच.

माझा जन्म विद्यापीठासमोरच्या बन्सीधरच्या दुकानात झाला. बन्सीधर माणूस वाईट नाही. पण परीक्षेच्या दिवसांत काउंटरवर पोरांची झुंबड उडते आणि प्रत्येक जण ओरडतो, "कामाचं तेवढंच काढा!" असं वीस वर्षं ऐकल्यावर कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे त्याचं तोच ठरवायला लागला.

बबिता खंदारे पुस्तक घेऊन आली तेव्हा तिच्या गावाची, चुडाव्याची गाडी सुटायला आली होती. दुसऱ्या राज्यातल्या एका ग्रंथालयानं पंधरा दिवसांसाठी पाठवलेलं ते पुस्तक तिनं काउंटरवर ठेवलं, "पूर्ण काढा" म्हणाली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी बन्सीधरनं मला तिच्या हातात दिलं.

"कामाचं सगळं आलंय बगा, ताई," तो म्हणाला. अगदी अभिमानानं म्हणाला.

तिनं मला चाळलं, स्पायरल छान बसलीय म्हणाली, आणि मूळ पुस्तक त्याच दुपारी परत पाठवून दिलं. माझं शेवटचं पान दोनशे बारावं होतं. ते शेवटचं आहे का, हे तिनं बघितलं नाही. मला बोलता येत असतं तर तेव्हाच बोलले असते.

बबिता पालमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर वर्षी जून आला की तीच खुर्ची, तेच विचारणारे, आणि हिनं नव्यानं आपलं नाव सांगायचं. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. तिचा विषय होता आफ्रिकेतल्या गावपातळीवरची पत्रकारिता आणि मराठवाड्यातलं फळ्यावरचं बातमीलेखन. स्टाफरूममध्ये तिची थट्टा चालायची. "आफ्रिकाच कशी काय, मॅडम? परभणी जिल्हा पुरला नाही का?" ती हसून चहा घ्यायची. आठ वर्षं एकाच प्रश्नावर हसत राहणं सोपं नसतं.

खरं उत्तर चुडाव्यात होतं. तिचे वडील सूर्यभान रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि भिंतीवरच्या फळ्यावर पाच बातम्या लिहितात. एकदा त्यांनी ऐकीव गोष्टीवर लिहिलं होतं की सोमवारपासून अमुक गाडी चुडाव्याला थांबणार. सोमवारी माणसं पिशव्या घेऊन फलाटावर उभी राहिली आणि गाडी धडधडत निघून गेली. कडूबाई नावाच्या म्हातारीचा दवाखाना त्या दिवशी चुकला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच मजकूर होता. "कालची बातमी खोटी. मी न विचारता लिहिली. सूर्यभान." तो त्यांनी आठ दिवस पुसला नाही.

तेव्हापासून प्रत्येक बातमीखाली ते बारीक अक्षरात लिहितात, कुठून कळलं ते. 'पेपरात आहे.' 'पोस्टमननं सांगितलं.' 'मी पाहिलं.' गावाला त्याची इतकी सवय झालीय की खालची ओळ नसली तर माणसं वरची वाचत नाहीत.

आता माझ्या एकशे चार नंबरच्या पानाकडे येते. आबेनाबाईंनी तिथं एका बाजाराचं वर्णन केलंय. मासळी विकणारी एक बाई रोज सकाळी फळ्यावर बातमी लिहिते आणि म्हणते, "अक्षर मोठं काढलं की ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं, आज काहीतरी झालंय. मग तो कुणाला तरी विचारतो." हे वाचलं आणि बबिता भर एसटीत उठून उभीच राहिली. कंडक्टरला वाटलं, उतरायचंय. तिच्या चौथ्या प्रकरणाचा पाया त्या दोन वाक्यांवर बसला. घरी येऊन तिनं ती वडिलांना मराठीत करून सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "ही बाई लय हुशार हाय."

त्या वाक्याच्या डोक्यावर एक छोटा आकडा आहे, एकसष्ट. म्हणजे पुस्तकाच्या शेवटी एकसष्टावी टीप बघा. ती बाई कोण, हे कधी आणि कुणाला म्हणाली, ते तिथं असणार.

प्रबंध टाईप करताना बबितानं माझं शेवटचं पान उघडलं. मग पुन्हा मागे गेली. अनुक्रमणिका काढली. 'टिपा आणि संदर्भ, पान दोनशे तेरा ते दोनशे पन्नास.' अडतीस पानं. बारीक अक्षरातली, म्हणून बन्सीधरच्या हिशेबी बिनकामाची. त्याला विचारलं तर बिचारा गोंधळून गेला. "तसली पानं कुणीच न्हेत न्हाई, ताई. तुमचा कागद वाचवला म्या."

तिथून पुढे तीन वर्षं मी तिची वणवण बघितली. पुस्तक जिथून आलं होतं त्या ग्रंथालयानं कळवलं, सापडत नाही. प्रकाशन बंद पडलेलं. इंटरनेटवर पुस्तकाची पहिली वीस पानं दिसायची, पुढे कोरं. आबेनाबाईंना मेल पाठवले तर पत्ता जुना म्हणून परत आले. मग टपालानं पत्रं, आधी त्यांच्या विभागाला, मग विभागातल्या कारकुनाला. उत्तर नाही. इकडे विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली, तीस जून. त्यानंतर नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात.

तिचे मार्गदर्शक भागवत सर. अकरा विद्यार्थी, गुडघेदुखी आणि सतत वाजणारा फोन, असा त्यांचा संसार. चौथं प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बबिता, हे वाक्य संदर्भाशिवाय जाणार नाही. आणि वाक्य काढलं तर प्रकरणात राहतं काय?"

"मग काय करू, सर?"

"एक नाव टाका तिकडचं. मुलाखत म्हणा, सालही टाका. घानाला जाऊन कोण विचारणार आहे?" ते हळूच म्हणाले. त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं, एवढं मी त्यांच्या टेबलावर पडून पाहिलंय. पण ते बोलले.

रविवारी सकाळी चुडाव्याच्या घरात बबितानं मला समोर घेतलं. पेन्सिलीनं, अगदी बारीक, माझ्या एकशे चार नंबरच्या पानाच्या समासात तिनं एक नाव लिहिलं. कुठल्याशा यादीतून उचललेलं. त्यापुढे लिहिलं, मुलाखत, आणि एक साल. माझ्यावर तिनं कितीतरी रेघा मारल्यात, पण त्या दिवशी जे टोचलं ते वेगळं होतं. ती नसलेली बाई माझ्या अंगावर येऊन बसली. बबिताचा रागही आला नाही मला. इतकी थकली होती ती.

तेवढ्यात सूर्यभान आत आले. हाताला खडू लागलेला.

"बबे, आज पेपरच आला न्हाई. ते मोठ्या अक्षराचं बोलणं लिव्हतो फळ्यावर. तुझी ती मासळीवाली बाई."

"लिव्हा की, आबा."

"खाली काय लिव्हू? कुणाचं म्हणणं? नाव सांग."

नाव समोरच होतं. ओठांपर्यंत आलंही असेल. बबिता माझ्या समासाकडे बघत राहिली. बाहेर कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"ठावं न्हाई, आबा," ती म्हणाली.

"असं कसं? पुस्तकात नसंल का?"

"मपल्या पुस्तकाला शेवटची पानंच न्हाईत."

"मंग ऱ्हाऊ दे. कळल्यावर लिव्हू." आणि ते पाणी पिऊन निघून गेले. त्या दिवशी फळा कोरा राहिला.

तिनं खोडरबर घेतलं. इतकं घासलं, इतकं घासलं की कागद पातळ झाला आणि पलीकडची अक्षरं दिसायला लागली. मग टेबलावर डोकं टेकून रडली. मला ओल लागली, पण ओल सोसते मी.

प्रबंधात एकसष्टाच्या जागी तिनं लिहिलं, "हे विधान ज्या टिपेवर आधारलेलं आहे ती माझ्याजवळच्या झेरॉक्स प्रतीत नाही. शेवटची अडतीस पानं काढायची राहिली आणि मी ती वेळेवर तपासली नाहीत. मूळ ग्रंथ तीन वर्षं शोधूनही मिळाला नाही. बोलणाऱ्या बाईचं नाव मला माहीत नाही." संदर्भसूचीतही मला माझ्याच नावानं घातलं, झेरॉक्स प्रत, अपूर्ण. लोक आमच्याकडून वाचतात आणि सूचीत मूळ ग्रंथाचं नाव घालतात. आमच्या जातीत अशी नोंद कुणाची झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

भागवत सरांनी ते दोनदा वाचलं. "असं लिहितात का कुठे? परीक्षक हसतील. प्रबंध परतही करतील."

"हसू द्या, सर. परत आला तर बघू."

दोन दिवस त्यांनी कागद ठेवून घेतला. एकोणतीस जूनला सही केली.

मागच्या महिन्यात, पालमच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना, तिचा मोबाईल वाजला. मेल होता, आबेनाबाईंच्या मुलीचा. आई गेल्या वर्षी वारली, आईच्या कागदांत तुमची पत्रं आता सापडली, उशिराबद्दल माफ करा. सोबत टिपांच्या सगळ्या पानांचे फोटो. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्या मुलीचा अंगठा.

बबितानं मला मांडीवर धरलं होतं. एकसष्टावी टीप तिनं मोठी करून वाचली. तिथं लिहिलं होतं, "हे बोलणं मी बाजारात फळ्यासमोर उभं राहून ऐकलं. माझी बस सुटायला आली होती, म्हणून नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात गेले तर ती बाई तिथं नव्हती. नंतर चार वेळा गेले. या पुस्तकातली ही माझी सगळ्यांत मोठी चूक आहे."

समोरून पालमची माणसं भरून एसटी निघून गेली. बबिता चढली नाही.

भागवत सरांना तिनं फोनवर वाचून दाखवलं. मग ते एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला नाव टाकायला सांगत होतो." आणि फोन ठेवला.

परीक्षकांचा अहवाल अजून आलेला नाही. चौथं प्रकरण राहील की जाईल, माहीत नाही. जूनची मुलाखत तिनं यंदाही दिली, यंदाही तिचं नाव विचारलं गेलं. ती अडतीस पानं तिनं छापून आणलीत, पण जुन्या स्पायरलमध्ये बसत नाहीत. रबरबँड लावून माझ्याबरोबर ठेवलीत.

मला सारखी ती मासळीवाली आठवते. तिचं बोलणं समुद्र ओलांडून चुडाव्यापर्यंत आलं, विद्यापीठात गेलं, आणि ती कोण हे कुणालाच सांगता आलं नाही. लिहिणारी प्रामाणिक, वाचणारी प्रामाणिक, तरी नाव गेलं ते गेलंच. दोघींची गाडी तेवढी वेळेवर होती.

म्हणून जाता जाता एक मागते. कुणी तुम्हाला मनात राहील असं काही सांगितलं, तर एक गाडी चुकू द्या आणि त्याचं नाव विचारून घ्या. बास. आता मिटा मला, हळू मिटा, आणि वर काही जड ठेवू नका.