तपकिरी बाटलीतलं जानेवारीचं पाणी

मी तपकिरी काचेची बाटली बोलतेय. लावा पैज, शेवटी भोगलं कोणी ते ओळखा. ओळखलंत तर माझं बूच तुमचं.

माझं काम एकच. डोंगरातून ओढा येतो, तो खाडीत पडतो. दर मोसमाला तपासणीवाली आस्पासिया यायची, माझं तोंड ओढ्यात बुडवायची नि भरलं की शहरात न्यायची. उन्हाळ्यात पाणी गोड, पावसात गढूळ. हिवाळ्यात मात्र स्तेर्गिओसचा ऑलिव्हचा घाणा चालायचा, नि त्याचं काळं पाणी गुपचूप ओढ्यात. खाली खाडीत एवंथियाचे शिंपले दोरांना लोंबकळत वाढायचे, ते त्यानं मरायचे. तिनं तक्रार केली. हिवाळ्याचा निकाल वाईट आला की घाणा बंद, असं ठरलं.

पाच जानेवारीला मी त्याच काळ्या पाण्यानं भरले. दुसऱ्या दिवशी पाण्याला आशीर्वाद द्यायचा सण, तपासणी बंद. म्हणून मला एवंथियाच्या फ्रिजात ठेवलं.

तिची सासू पोलिक्सेनी. चष्मा लावायची तिला लाज. गेल्या सणाचं चर्चचं पाणी तिनं अगदी माझ्यासारख्याच बाटलीत ठेवलेलं. तिला वाटलं, सुनेनं ती फ्रिजात सरकवली. चमचाभर ओतलं तर काळं, वर वास. चर्चचं पाणी कधी नासत नाही हो. नासलं म्हणजे घरात पाप. गावाला कळलं तर?

मला सगळं ठाऊक होतं. पण बाटलीला विचारतंय कोण? नि खरं सांगू, मजा येत होती.

असलं पाणी मोरीत ओतत नाहीत, म्हणून तिनं मला लिंबाच्या कुंडीत उपडं केलं. खळखळून धुतलं. सणाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं नि होते तिथंच फ्रिजात ठेवलं. सुनेला अवाक्षर नाही.

सण सरल्यावर आस्पासिया मला शहरात घेऊन गेली. निकाल आला. पाणी निर्मळ, पिण्याजोगं.

कॉफीच्या दुकानात स्तेर्गिओस म्हणाला, "एवंथियाबाई, पुढच्या सणाला पाद्रीबुवांना आमच्या घाण्यामागनंच पाणी भरायला सांगतो." सगळे खिदळले.

"आई, मी डोळ्यांनी काळं पाणी बघितलं," ती घरी येऊन म्हणाली.

"डोळ्यांना काय, काहीही दिसतं," सासू म्हणाली.

आठवड्यानं झाडलोट करताना देवाच्या तसबिरींमागं म्हातारीला तिची खरी बाटली सापडली. पाणी स्वच्छ. कुंडीत आपण काय ओतलं, ते तिला उमगलं. बाटली तिनं परत मागं सारली, सुनेला काही सांगितलं नाही. अजून गप्पच आहे. तपासणीहून मी रिकामी परत आले, तर मलाही तिथंच मांडून ठेवलंय, रोज नमस्कार करते.

शिंपले महिन्याभरात तोंड वासून मेले.

एवंथिया आता स्तेर्गिओसच्याच घाण्यात चोथा उपसते. नि काम संपलं की काळ्या पाण्याची झडप तिलाच उघडावी लागते.