नात्याचा रकाना

सोमवार, ९ जून २०२५. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुरबे येथे कमलाकांत पागधरे वारले. वय एकाहत्तर. ओटीवर बसून ते फाटलेले जाळे शिवत होते. कपात अर्धा चहा होता आणि सुई हातातच राहिली होती.

अग्नी दिपेशने दिला. दिपेश चाळीस वर्षांचा, पंधरा वर्षे घरची ‘जानकी’ बोट हाकणारा तांडेल. धाकटी हेमांगी बोईसरला राहते. तिथल्या औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला आहे. कमलाकांतांच्या मागे घर, बँकेचे एक खाते आणि ही बोट राहिली. मृत्युपत्र नव्हते.

दिपेश कमलाकांतांच्या पोटचा नव्हता. त्यांची बायको हंसा हिचा पहिला नवरा तारापूरचा होता आणि समुद्रात बुडून गेला होता. दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन ती मुरब्याला आली त्याला आता अडतीस वर्षे झाली. शाळेत नाव लागले ते दिपेश कमलाकांत पागधरे. रेशनकार्डावर, आधारवर तेच. दत्तकविधान कधी झाले नाही. गावातल्या जुन्या माणसांना हे सगळे ठाऊक होते आणि कोणी ते बोलत नसे.

बोलायची वेळ बोटीमुळे आली. मासेमारीचा हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो. बोटीचा परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर चालत नाही आणि परवाना नसला की बोट बंदरातच राहते. म्हणून तेरावे झाल्यावर तिसऱ्या दिवशी हंसा, दोन्ही मुले आणि कमलाकांतांचे जन्माचे सोबती दामू असे चौघे पालघरला वकील दमयंती राऊत यांच्याकडे गेले.

“वारस किती?” वकीलबाईंनी विचारले.

“तीन,” हंसा म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवले आणि दामूंकडे पाहिले. “काका, पागधऱ्यांबरोबर तुम्हीच आला होतात ना मागे?”

“आलो होतो. चहा पन प्यायलो तुमचा. काम नाय झालं.”

“कसलं काम?” दिपेशने विचारले.

दामूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सहा वर्षांपूर्वी कमलाकांत इथे मृत्युपत्र करायला आले होते. बोट दिपेशला, घर हंसाला, बँकेतले हेमांगीला. मसुदा तयार झाला. पुढे कोणी हरकत घेऊ नये म्हणून दिपेश कोण हे त्यात स्पष्ट असावे, असे बाईंनी सुचवले: पत्नीचा पहिल्या पतीपासून झालेला मुलगा. कमलाकांतांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

“यानं बाईंना इचारलं, हे लिवायलाच पायजे?” दामू म्हणाले. “बाई म्हनल्या, लिवलेलं बरं. हा म्हनला, मग ऱ्हाऊ द्या. पेनाला टोपन लावलं नि उठला. रिक्षात मला म्हनतो, दाम्या, पोरगा माझा हाय. तो दुसऱ्याचा हाय असं माझ्याच हातान कशाला लिवू?”

दामूंनी टोपी परत डोक्यावर घातली. मग दिपेश हसला. “म्हंजे बाबा मला तारायला आले, नि बुडवून घरी गेले.”

हंसा हसली नाही.

मृत्युपत्र नसेल तर कायदा स्वतःच्या यादीप्रमाणे वाटणी करतो. या घरात ती यादी दोघींची होती, बायको आणि मुलगी, अर्धे अर्धे. सावत्र मुलगा त्या यादीत कुठेच बसत नाही. पंधरा वर्षे बोट हाकल्याने आणि चितेला अग्नी दिल्याने त्यात फरक पडत नाही. बाईंनी हे सावकाश, दोनदा सांगितले.

संध्याकाळी गावातले चौघे घरी आले. त्यांनी तीन वारसांचा पंचनामा लिहूनच आणला होता, खाली पाच सह्या होत्या. सगळे कागद दिपेशच्या बाजूचे असताना कोण विचारणार, असे त्यांचे म्हणणे. फक्त हंसाने आणि हेमांगीने शपथेवर सही करायची होती.

हेमांगी म्हणाली, “मी नाय करणार.”

“भावाचं नाव काढतंस?” हंसा ताडकन उठली. “शिकवली ती यासाठी?”

“काढत नाय, आय. खोट्या कागदावर बोट त्याच्या नावाची केली नि उद्या कोनी अर्ज ठोकला, तर बोट जप्त होईल. खोटी शपथ घेतली म्हनून तू नि मी आत जाऊ ते वेगळं. मग हा काय करील? तुझ्या टोपल्या घेऊन बोंबील इकील?”

“बोंबील मला चांगले इकता येतात,” दिपेश म्हणाला. “पन ती बरोबर बोलते, आय. तिचं बोलनं तेवढं कडू. बघ, एक वाटनी झालीच. बाबांचा राग तिला गेला.”

आलेल्या चौघांपैकी एकजण हसला आणि पंचनामा घडी घालून खिशात ठेवला.

सरळ वाट वकीलबाईंनी दाखवली. वारस दोघीच लावायच्या. हेमांगीने आपला हक्क आईच्या नावे सोडायचा. मग आईने बोट दिपेशला बक्षीस द्यायची. हेमांगीने विचार करायला वेळ मागितला नाही, अट मात्र घातली. “पयल्या फेरीची पापलेटं बोईसरला पोचली पायजेत. आमचे सुजीत म्हनतात, बर्फातली नकोत.”

“तुझ्या नवऱ्याला सांग, बोटीवर ये. जिवंत देतो,” दिपेश म्हणाला.

दोन्ही कागद जुलैच्या मध्यात झाले. बक्षीसपत्रात देणार हंसा, घेणार दिपेश, नाते मुलगा. हंसाने तेवढा भाग पुन्हा वाचून घेतला आणि अंगठ्याशेजारी सहीही केली. त्या दिवशी परतताना तिने पालघरच्या बाजारातून जिलेबी घेतली. कमलाकांत गेल्यापासून घरात आलेला तो पहिला गोड पदार्थ.

अडले ते परवान्याच्या कचेरीत. रेशनकार्डावर मुलगे-मुली मिळून दोन, वारसांच्या कागदावर एकच. कारकून सभ्य होता. त्याने हंसा आणि दोन्ही मुले अशा तिघांनाही बसायला खुर्च्या दिल्या आणि सांगितले की आईकडून लेखी खुलासा लागेल. छापील नमुन्यात एक रकाना होता, ‘मयताशी नाते’. दिपेशपुढचा तो रकाना भरायचा होता. तोवर ३० सप्टेंबरपर्यंतचा तात्पुरता परवाना मिळाला.

वकीलबाईंनी खुलाशाचा चार ओळींचा मसुदा करून दिला. त्यात पहिल्या नवऱ्याचे नाव, तो वारल्याचे साल, दुसऱ्या लग्नाची तारीख आणि ‘सावत्र’ हा शब्द होता. हंसाने तो देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला आणि ऑगस्टभर त्याचे नाव काढले नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ बोटीच्या मालकाने वाहायचा. ‘जानकी’चा नारळ कायम कमलाकांत वाहत. यंदा किनाऱ्यावरची माणसे थोडी थबकली, कोण पुढे होते ते पाहत राहिली. हंसाने कोणाकडेही न बघता नारळ दिपेशच्या हातात दिला. “हो पुढं. पानी चढतंय.” बेंजो वाजत होता, तो थांबला नाही. दोन दिवसांनी पहाटे बोट निघाली. पहिल्या फेरीची पापलेटं बोईसरला पोचली. सुजीतने फोन करून तक्रार केली की थोडी लहान आहेत.

सोमवार, २२ सप्टेंबरला दिपेश दोन फेऱ्यांच्या मधे घरी होता. मुदतीला आठ दिवस उरले होते. त्याने डबा उघडून मसुदा काढला.

“आय, सही कर. गावाला ठाव हाय, मला ठाव हाय. कागदाला कळलं तर काय बिघडतंय?”

“त्यांनी पेनाला टोपन लावलं होतं. मी काढू?”

“ते गेले. त्यांना बोट न्यायची नाय आता. मला न्यायची हाय.”

“ठाव हाय मला.” हंसा उठली. मग तिने दिपेशच्या मुलीच्या वहीतले एक पान फाडले. हंसा चौथीपर्यंत शिकलेली. एक ओळ लिहायला तिला दहा मिनिटे लागली: ‘दिपेश हा आमचा मुलगा आहे.’ खाली सही.

दिपेशने वाचले. “यानं भागायचं नाय.”

हंसाने मसुद्यावरही सही केली. “नाय भागलं तर तो दे. आदी हा दे.”

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही कागद घेऊन पालघरला गेला. दुपारी हेमांगीचा फोन आला.

“कुठला दिलास?”

“आयचा.”

“दुसरा?”

“खिशात हाय.”

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजत होता. तो संपेपर्यंत ती थांबली. “खोटं काय नाय त्यात,” ती म्हणाली. “पोच घेतलीस?”

“घेतली.”

“शिक्का हाय का पोचेवर?”

“हाय गं बाय, हाय.”

कारकुनाने कागद फाईलला लावला. नमुन्यातला रकाना कोराच होता. त्याच्यापुढे त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि फाईल वरिष्ठांकडे पाठवली.

गुरुवारी पहाटे ‘जानकी’ पुन्हा समुद्रात गेली. बोटीवर दिपेशसह सातजण आहेत. मसुदा त्याच्या सदऱ्याच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तो सदरा घरी खुंटीला आहे. हंसाने धुवायला घेतला नाही. बोट सोमवारी परतणे अपेक्षित आहे. तात्पुरत्या परवान्याची मुदत मंगळवारी संपते. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत फाईल वरिष्ठांच्या टेबलावर होती आणि तिच्यावर शेरा पडलेला नव्हता.