खडूची फुली

आमचे हे शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. दुकानात मशिन आली की हे चाक फिरवून कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "शेवटच्या घटका मोजतेय." मग खडूने फुली. फुली पडली की तेलाचा थेंब नाही. चालती असली तरी तिचे पार्ट काढून दुसरीला बसवायचे. एखादी शिवणारी बाई रडकुंडीला यायची, "अहो, काल तर शिवत होते मी!" हे म्हणायचे, "चालत्या मशिनचेच पार्ट चांगले निघतात, बाई."

एकदा मला न्यूमोनिया झाला. यांनी माझ्या छातीला कान लावला आणि नणंदेला म्हणाले, "घरघर लागलीय. हिचं काही खरं नाही." माझी लोकरीची शाल आणि नव्या चपला नणंदेने त्याच दुपारी नेल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध यांनी आणलंच नाही. "कशाला वाया?" डोळे मिटून मी सगळं ऐकत होते. शेजारणीने औषध आणलं म्हणून वाचले. शाल काही परत आली नाही; दर थंडीत नणंद तीच पांघरून माझ्याकडे चहाला येते. मेलीला लाज नाही.

यंदा यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोळे-कान शाबूत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज दोनदा पायाला तेल चोळा, व्यायाम द्या, चालतील. हयगय केलीत तर पाय कायमचा गेला." मुलगा परगावी नोकरीला. निघताना म्हणाला, "आई, करशील ना गं?"

"करीन की."

तो गेल्यावर मी दुकानातला खडू आणला. पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर ठसठशीत फुली मारली. यांना ती नीट बघू दिली, मग डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला.

यांच्या घशातून कसलासा आवाज आला. मग सगळं बळ एकवटून यांनी उजव्या पायाचा अंगठा हलवला. खरंच हलला. मला दाखवायला जीव तोडून पुन्हा पुन्हा हलवत होते. तेलाच्या बाटलीकडे हात गेला माझा, खोटं कशाला बोलू? मग शाल आठवली.

"दिसलं हो," मी म्हणाले. "चालत्याचेच पार्ट चांगले निघतात, नाही का?"

तेलाची बाटली कपाटात वरच्या खणात ठेवली. यांचे बूट पिशवीत भरले आणि नणंदेला फोन लावला, तुझ्या नवऱ्याचं माप काय म्हणून.