चिवल्याची वाळू

वाळू घनही असते आणि द्रवही, हे वैश्विक सत्य आहे. गुरुदासला ते त्या सकाळी तोंडात घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईत हजर झाला नाही, तर नोकरी दुसऱ्याची होती. मालवणहून आगबोट गाठायला त्याने आचऱ्याहून जीप केली. ड्रायव्हर बाबलने जवळची वाट म्हणून ती चिवल्याच्या किनाऱ्यावर घातली आणि रुतवली. बाबल जोर लावी तसं चाक वाळूला हाणी. दणक्याने वाळू पातळ होऊन मागून ढकलणाऱ्या गुरुदासवर उडे, उरलेली घसरून खड्ड्यात येई, आणि जीप बोटभर खाली बसे.

"हळू घे रे मेल्या!"

"हळू घेतलंय तर बोट चुकतली!"

"मगे मी हय वाळू खावक इलंय?"

सोबत निघालेले निवृत्त मास्तर केशवराव सीटवरूनच म्हणाले, "कणांचं घर्षण तुटतंय, गुरुदास. तू ढकल."

जोराने की हळू, यावर तिघांचा वाद तासभर रंगला. तेवढ्यात बोटीने भोंगा दिला आणि ती गेली.

बंदर तिथून पायी अर्ध्या तासावर होतं.