मोकळा हात

वेड ह्यूलेट उपचाराला आला तोच दंड थोपटत. "लोर्नाबाई, सकाळपासून गवताचे गठ्ठे फेकतोय. खांदा एकदम भक्कम! शनिवारी गावच्या रोडिओच्या खेळात उधळत्या घोड्यावर बसतोय."

"बसशील रे. आधी माझ्या पिंपावर बस."

निखळलेल्या खांद्यांना व्यायाम देऊन पुन्हा कामाला लावण्यात कॅनडातल्या अल्बर्टाच्या या भागात फिजिओथेरपिस्ट लोर्ना फ्रीसनचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. खोलीत तिने सरावासाठी घोड्याच्या जागी दोरांवर एक आडवं पिंप टांगलं होतं. वेड वर चढला. उजव्या मुठीत पट्टा, डावा हात हवेत. रोडिओचा नियमच असा, की उधळत्या घोड्याला हा मोकळा हात नुसता लागला तरी स्वार बाद. वेडचा निखळलेला खांदा नेमका त्याच हाताचा. लोर्नाने त्याच्या डाव्या तळव्याला खडूची भुकटी फासली आणि मागून दोर गदागदा हलवले.

"उतर. बाद झालास."

"काय सांगता! हात वरच होता."

"मग हे काय माझ्या आजीने उठवलं?"

पिंपावर पांढरी पाची बोटं उमटली होती. वेड पुन्हा बसला, पुन्हा तेच. नंतर तर हात खाली येताना त्याने स्वतः पाहिला, तरी तो थांबवता आला नाही.

"अहो, दुखत नाहीये," तो चिडला. "ताकदही आहे."

"आहे ना. पण पुन्हा निखळेल या धास्तीने तू हात अंगाशी ओढतोस. गठ्ठे फेकून ती जात नाही. ती मी घालवते. शनिवारपर्यंत नाही जमणार, पानगळीपर्यंत नक्की."

"आणि तरी बसलो तर?"

"पडशील. मग शस्त्रक्रिया, आणि पुढे घोडे कुंपणाबाहेरून बघायचे. तुझं तू ठरव."

बरगडी मोडलेली असतानाही घोड्यावर बसलेला गडी हा. गावासमोर माघार घेणं त्याच्या जिवावर आलं होतं. लोर्नाला त्याची दया आली, तरी ती पिंपावरचा खडू पुसत राहिली. शेवटी त्याने रोडिओच्या कचेरीला फोन लावला.

"वेड बोलतोय. शनिवारचं माझं नाव काढा."

"काय रे, खांदा का?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

नुसतं हो म्हणून त्याला सुटता आलं असतं.

"खांदा बरा आहे," वेड म्हणाला. "मी घाबरतोय."

एवढ्या वर्षांत एकाही रोडिओवाल्याच्या तोंडून लोर्नाने हे ऐकलं नव्हतं. तिने दोर हातात घेतले.

"चल, चढ वर."