यांगझोम भांडली

थंडी पडली की यांगझोमचं कुटुंब कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून जालन्याला यायचं. बसस्टँडजवळ स्वेटरांचं दुकान मांडायचं आणि घरमालकीण अकबरबीच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचं. असे बरेच हिवाळे झाले होते.

यांगझोमची सासू लहानपणी बापाच्या पाठीवर बसून तिबेटचे डोंगर ओलांडून आलेली. या देशानं आपल्याला निर्धास्त झोपू दिलं, असं ती रोज म्हणायची आणि दिसेल त्याला हात जोडायची. यांगझोमचा जन्म मात्र मुंडगोडचा.

त्या सकाळी फार दिवसांनी नळ आला. अकबरबीनं आपल्या टाक्या भरल्या, वर अंगणही धुतलं. यांगझोमचा ड्रम अर्धा भरतो न भरतो तोच पाणी गेलं. तिचा तोल सुटला.

"खाला, अंगणाला पाणी हाय अन् आमाला प्यायला न्हाई? भाडं आमी बी देतो!"

"लई बोलू नको!" अकबरबी कडाडली.

"बोलनार! बिलकुल बोलनार!"

वर खोलीत सासूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं आवाज चढवू नये."

"किती पिढ्या पाहुणेच राहायचं, अमा-ला?" तिबेटी रीतीनं सासूला आई म्हणत यांगझोमनं विचारलं.

सासूनं ट्रंकेतून मानाचं पांढरं रेशमी वस्त्र काढलं आणि सुनेला घेऊन जिना उतरली. उतरताना यांगझोमच्या मनात आलं, ऐन हंगामात खोली सोडा म्हटलं तर?

म्हातारीनं ते वस्त्र अकबरबीच्या गळ्यात घातलं आणि पाया पडायला वाकली. अकबरबीनं तिला अर्ध्यातच धरलं.

"हे काय करून राह्यल्या? माफी कशाची? माझी अंबरीन सासरी गेल्यापासून या घरात माझ्याशी बराबर भांडायला कुनी उरलं न्हाई. आज हिनं तोंड उघडलं, मंग वाटलं, चला, पोरगी घरची झाली." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "अन् अंगण मी धुवायला नको व्हतं."

यांगझोम खाली बघत राहिली. मग एकदम हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

अकबरबीनं तिघींसाठी चहा केला. सासूनं एक घोट घेतला. या घरानं आजवर जे दिलं, त्याला ती "बहोत अच्छा"च म्हणत आली होती. आज तिनं कप खाली ठेवला, क्षणभर घुटमळली.

"साखर जास्ती," ती हळूच म्हणाली.

"घ्या! आता सासू बी भांडनार!" असं म्हणत अकबरबी उठली आणि तिनं दुसरं आधण ठेवलं.